हिरवा तालुका

एप्रिल २०२१. कंपनीत मी कोविडचा डॅशबोर्ड बनवत होतो. नकाशावर आमचा तालुका हिरवागार दिसायचा, कारण रुग्ण कमी. त्याच आठवड्यात आजोबा घरीच गेले. ताप होता, धाप लागत होती, पण टेस्ट झालीच नाही. त्यामुळे माझ्या आकड्यात ते नव्हतेच. कोडमध्ये बग नव्हता. किती सापडले एवढंच मी दाखवत होतो. किती जणांना तपासलं, हे विचारलंच नव्हतं.

आता अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी सोडून एपिडेमिऑलॉजी शिकतोय. सुरुवातीलाच जॉन स्नो भेटला. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, कॉलरा. त्याने मेलेले मोजलेच, पण वाचलेल्यांचीही चौकशी केली. पंपाशेजारच्या ब्रुअरीतले कामगार कसे वाचले? ते बिअर प्यायचे, पंपाचं पाणी नाही. मी मात्र इतकी वर्षं फक्त एरर लॉग वाचत होतो.

पगार थांबलाय, हप्ते चालूच आहेत. परवा आईने फोनवर विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर होणार का रे?"

"नाही गं."

"मग काय करणार?"

"मोजणार."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "या वेळी आजोबांना धर हं त्यात."