डायनामो नसलेली सायकल



आमच्या अण्णांच्या सायकलला डायनामो कधीच नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं, मग दिवा कशाला?" काळी, उंच, 28 इंची अ‍ॅटलस. चामड्याची सीट चालणार नाही म्हणून घेतानाच त्यांनी रेक्झिनची बसवून घेतली होती.

दुकान रामआळीत, घर वर मारुती मंदिराजवळ. रत्नागिरीकरणींना वेगळं सांगायला नको! सकाळी सायकल आपसूक खाली जायची, संध्याकाळी तोच चढ अंगावर यायचा. सुट्टीत मी पुढच्या दांडीवर बसून अण्णांबरोबर दुकानात जायची. परतताना चढ लागला की दोघं उतरायचो. अण्णा हँडल धरून चालायचे, मी मागून कॅरिअर ढकलायची. तेव्हा त्यातही मजा वाटायची.

डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एखादं गिऱ्हाईक रेंगाळलं की उशीर ठरलेला. आई ताट तयार ठेवून दारात उभी असायची. घंटी ऐकू यायची तेव्हा बाहेर अंधार झालेला असे. अण्णा मुकाट्याने हातपाय धुवायचे, आई मुकाट्याने ताट आत न्यायची. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही.

अण्णा गेल्यावर सायकल पडवीत गंजत राहिली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, मिऱ्याच्या किनाऱ्याला जहाज येऊन लागलं, तो दिवस आठवतो ना? त्याच दिवशी, जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. लेकाने बातमी वाचून दाखवली आणि मला पडवीतली सायकल आठवली.

दुकानं उघडल्यावर ती दुरुस्तीला नेली. छर्रे, चेन, ब्रेकचे रबर बदलले. लेकाची यादी मोठी होती: गिअर, डिस्क ब्रेक, हलक्या रिमा. मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढं नको. मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील आहे, 22 चं टाकतो. चढ जाईल." पुढच्या चक्राला 44 दाते. पूर्वी पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरायचं, आता बरोबर दोनदा. वेग थोडा कमी, पण पायावरचा भार हलका. मला ते पटलं. लागेल तेवढंच घ्यायचं, हे तर आपण परिग्रहाच्या मर्यादेत लहानपणापासून ऐकतो.

पहिल्याच दिवशी दमत, थांबत का होईना, पण न उतरता चढ चढले. वर पोचल्यावर आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांत पाणी आलं. फक्त चार दाते! तेवढे वाढवले असते तर अण्णांच्या कितीतरी संध्याकाळी उपाशी गेल्या नसत्या. नियम त्यांनी पाळला, त्याचं आम्हाला कौतुक होतं. तो पाळणं थोडं सोपं करावं, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

घरात कुणी व्रत, उपवास करत असेल तर मैत्रिणींनो, नुसते हात जोडू नका. त्यांचा चढ कुठे आहे तेही बघा.

सीट अजून रेक्झिनचीच आहे. दिवा मात्र मी बसवून घेतलाय, समोरून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून. तो लावायची वेळ सहसा येत नाही. दिवस मावळायच्या आत मी घरी असते.