स्वतःचे आणि वारशाने आलेले

निवृत्तीनंतर भाचीच्या आग्रहावरून मी जावास्क्रिप्ट शिकतो आहे. मराठीच्या अध्यापकाने या वाटेला का जावे, हे देवळाली कॅम्पातल्या मित्रांनी विचारून झाले आहे. भाषेचा इतिहास शिकवताना जो प्रश्न मला सदैव छळत आला, तो येथे फार स्वच्छपणे मांडलेला दिसतो: एखाद्या वस्तूपाशी जे आहे, त्यातले तिचे स्वतःचे किती आणि वारशाचे किती?

या भाषेत वस्तूकडे गुणधर्म मागितला की आधी तिच्यापाशीच शोध होतो. तेथे नसेल तर तिच्या प्रोटोटाइपकडे, म्हणजे मूळरूपाकडे. तेथेही नसेल तर त्याच्या मूळरूपाकडे. ही साखळी ‘नल’पाशी संपते. मागणाऱ्याला उत्तर मिळते, पण ते कोणत्या पायरीवरून आले हे आपणहून कोणी सांगत नाही. त्यासाठी मुद्दाम चौकशी करावी लागते. ‘ऑब्जेक्ट.कीज’ स्वतःपुरतीच यादी देते, ‘फॉर-इन’चा फेरा वारशातलेही वेचून आणतो, आणि ‘हॅजओनप्रॉपर्टी’ एकेका गुणधर्माविषयी हो की नाही एवढेच बोलते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ही भाषा रचली, तेव्हा मूळरूपाची कल्पना ‘सेल्फ’ नावाच्या भाषेकडून घेतली. २०१५ साली ‘क्लास’ हा शब्द आला, तरी आतली साखळी तीच राहिली.

पाणिनीच्या अनुवृत्तीची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रात लिहिलेले नसते, पण वाचायचे असते. ते कुठून आले आणि कुठवर चालले, हे शोधण्यात टीकाकारांची किती शाई खर्ची पडली!

आमच्या गावाचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग निघाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे तापही गळाला. आज लंडनमध्ये हा शब्द वापरणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो, गाव नव्हे.

माझे वडील सटाण्याकडचे. घरी ते अहिराणी बोलत. ‘कुठे’ला ‘कथा’ म्हणत. मी प्रमाण मराठी शिकलो, शिकवली, आणि माझ्यापुरते ‘कुठे’ नोंदवले. नव्या नोंदीने वारशातले पुसले जात नाही, ते फक्त झाकले जाते. जावास्क्रिप्टमध्ये स्वतःची नोंद ‘डिलीट’ केली तर त्याच नावाने पुन्हा विचारल्यावर मूळरूपाचे उत्तर पुढे येते. गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणलो असताना मी बायकोला ‘कथा जाई राहिनी?’ असे विचारले म्हणे. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

ज्या मूळरूपाकडे एखादी हयात वस्तू बोट दाखवते आहे, त्याची जागा संगणक मोकळी करत नाही, हे वाचले तेव्हा मी भाचीला लगेच फोन केला. ती म्हणाली, “मामा, तो स्मृतीच्या साफसफाईचा धडा. पुढच्या आठवड्यात आहे. आधी मागचा गृहपाठ पाठवा.”