दोन अंक फायलीला

मध्यंतरी एका सकाळी एक शेतकरी दादा दारात उभे. "ताई, तुमच्या वडलांच्या पेपरात आमच्या जमिनीची जाहीर नोटीस आली होती. 87 साल आसंल. कोर्टात लागतीय." मी कपाटातून त्या वर्षाची फाईल काढली आणि आम्ही दोघं ओट्यावर पानं उलटत बसलो. कोपरा जरा ओढला तरी तुकडा हातात येत होता. पाऊण तासानं नोटीस सापडली: गट नंबर, चतुःसीमा, हरकतीची मुदत. दादांनी ओळींवरून बोट फिरवलं. "बापाचं नाव छापलंय की," म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच बघत राहिले.

नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. अण्णांचं साप्ताहिक बुधवारी रात्री ट्रेडलवर छापलं जाई. आम्ही भावंडं गव्हाच्या खळीनं पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायचो. पण आधी पहिले दोन अंक बाजूला काढायचे, फायलीला. मग वर्गणीदार, मग विक्री. कितीही घाई असो, अण्णांनी हा क्रम मोडू दिला नाही.

1972 च्या दुष्काळाची फाईल मी सगळ्यांत जास्त वेळा उघडली आहे. कोणत्या पाझर तलावावर किती मजूर, मस्टरवर नावं कुणाची राहिली, सुकडी कुठं पोचलीच नाही, सगळं आठवड्याच्या आठवड्याला. आमच्याकडे 'ळ'चे खिळे मोजकेच होते. केसमधला खण रिकामा झाला की जुळारीकाका आतून हाक मारत, आणि अण्णा 'दुष्काळ' खोडून 'अवर्षण' लिहून देत. फायलीत अजून दिसतं ते: पहिल्या पानावर दुष्काळ, चौथ्यावर अवर्षण.

6 जानेवारीला, 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं त्या दिवशी, दरवर्षी पत्रकारांचे सत्कार होतात. अण्णा मात्र त्या दिवशी मुकुंदराव पाटलांविषयी बोलत. 1910 मध्ये सुरू झालेलं 'दीनमित्र' त्यांनी 1967 पर्यंत चालवलं, तेही नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. "खेड्याचं खेड्यातच छापलं," एवढंच अण्णा म्हणत.

नव्वदीनंतर मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या आणि दुकानदारांच्या जाहिराती तिकडे गेल्या. खिळे मोडीत गेले, डीटीपी आलं. अण्णा गेल्यावर मी अंक रेटत राहिले, दसरा-दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत वाटपच थांबलं. त्या वर्षाची फाईल बोटभर जाडीचीही नाही.

त्यानंतर गावात बातमी उरली नाही असं नाही. मोबाईलवर ती मिनिटात येते. गेल्या उन्हाळ्यात पाणी सुटण्याचे तीन निरोप फिरले, तीन वेगवेगळ्या तारखांचे. खरा कुठला, हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. आणि नगरपालिकेच्या सभागृहातला मागचा बाक, जिथं अण्णा तीस वर्षं वही घेऊन बसले, तो रिकामा होता. मला जास्त लागलं ते हे. ठराव होतात, माणसाला कळतात ते खोदकाम दारात आल्यावर.

सध्या गावातल्या दोन मुली माझ्या घरी जुन्या फायली स्कॅन करतात. लाकडाच्या लगद्याचा हा कागद उजेडानं आणि हवेनं ठिसूळ होत जातो, त्याला थांबायला सांगता येत नाही. काम मोलाचं आहे. पण एका दुपारी त्यांतली एक म्हणाली, "मावशी, 2020 नंतरचं काय स्कॅन करायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

जुन्या वर्गणीदारांकडे मी पुन्हा गेले. जाहिरात मागितली नाही, वर्षाची वर्गणी मागितली. नोटीस शोधायला आलेल्या दादांनी दोन वर्षांची आगाऊ दिली. मागच्या महिन्यात ती मुलगी सभेला गेली, मागच्या बाकावर बसली आणि पाणीपट्टीच्या ठरावाची अडीच पानं टिपणं घेऊन आली. कोण बाजूनं, कोण विरोधात, कोण गैरहजर. चार पानी अंक छापून आला तेव्हा ती गठ्ठा सोडून चिठ्ठ्या घ्यायला निघाली. मी तिला थांबवलं, वरचे दोन अंक काढले आणि दाभण शोधायला आत गेले.