माळकरी

लालबागहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. माझ्या वडिलांना, आबांना, त्या दिवशी पाऊण तास लागला. त्यांच्या हातांत गोणपाटात गुंडाळलेला कुत्रा होता आणि जुलैचा पाऊस कोसळत होता. मी छत्री घेऊन मागून चालत होते. "माझ्यावर नको, त्याच्यावर धर," असं आबांनी मला दोनदा सांगितलं. त्या गोणपाटाला येणारा वास आज बेचाळीस वर्षांनीही मला आठवतो. कुजलेल्या मांसाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

१९८३ सालची ही गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. तो कुत्रा मसाला गल्लीत एका हातगाडीखाली दोन दिवस पडून होता. मिरचीचा हंगाम संपल्यामुळे मसाला कुटायचे डंक शांत होते आणि गल्लीत वर्दळही कमी होती. त्याच्या मानेला किडे पडले होते. जाणारे-येणारे पदराने किंवा रुमालाने नाक दाबून पुढे जात. आबा मात्र खाली बसले, वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "पोरी, घरनं गोणपाट आन."

आबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. होते म्हणायचं, कारण १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाला तोवर दीड वर्ष झालं होतं आणि गिरणीचा भोंगा आमच्यापुरता बंद पडला होता. आई चिवडा गल्लीतून पुड्या भरायचं काम आणायची. आबा मिळेल ते ओझं उचलायचे, आणि ज्या दिवशी ओझंही मिळत नसे त्या दिवशी गॅलरीत बसून राहायचे. अशाच एका दुपारी त्यांनी मला साच्यावरची गाठ शिकवली होती. ताण्यातलं सूत तुटलं की साचेवाला ती एका हाताच्या चिमटीत मारतो. बारीक, चपटी गाठ. तिच्या शेपट्या अगदी जवळून कातरायच्या, म्हणजे कापडात ती दिसत नाही. "ही गाठ ओढली तर आवळती, सुटत न्हाय," आबा म्हणाले होते. ती मला साधेपर्यंत मी घरातली प्रत्येक दोरी संपवली.

बैलघोडा हे फक्त लोकांच्या तोंडचं नाव आहे. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था इथे उभी राहिली. हे रुग्णालय त्या संस्थेचं. शहराचं सगळं ओझं तेव्हा बैल आणि घोडे ओढत होते, त्यामुळे दवाखानाही आधी त्यांचाच होता. सर दिनशा पेटिट पारशी गिरणीमालक होते आणि साकरबाई त्यांच्या पत्नी. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध १८३२च्या जूनमध्ये मुंबईतले पारशी रस्त्यावर उतरले होते, हे मला मोठेपणी वाचून कळलं. मेलेल्या माणसावर कुत्र्याची नजर पडल्याशिवाय ज्यांच्यात अखेरचा निरोप पुरा होत नाही, त्या लोकांना तो हुकूम सोसणारच नव्हता. एका गिरणीमालकाच्या बायकोच्या नावाच्या त्या दारातून माझा संपकरी बाप एक कुत्रा घेऊन आत गेला, आणि आत कुणी त्याला जातगोत विचारलं नाही.

डॉक्टरांनी जखमेत टर्पेंटाइनचा बोळा धरला. किडे वळवळत वर आले. ते चिमट्याने एकेक काढून त्यांनी वाटीत टाकले. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढे थांबले. मग जखम धुतल्यावर डॉक्टर म्हणाले, "आत काहीतरी आहे." त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, मांसात रुतलेलं ते काहीतरी कात्रीने कापलं आणि ओढून काढलं. ती पातळ हिरवी नायलॉनची दोरी होती.

आमच्या चाळीत वाळत घालायला तसलीच दोरी होती. आदल्या दिवाळीत जिन्याखाली चार पिल्लं होती. त्यातलं एक काळं पिल्लू मी माझं ठरवलं होतं. दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात मी हिरवी दोरी बांधली आणि दोन्ही टोकं आबांनी शिकवलेल्या गाठीने जोडली. शेपट्याही जवळून कातरल्या. पिल्लू आठवडाभर माझ्यामागे फिरलं. मग शाळा सुरू झाली, आणि जानेवारीत ते दिसेनासं झालं तेव्हा मी एक दिवस रडले आणि विसरले. पिल्लू विसरले आणि दोरीही.

दोन महिन्यांच्या पिल्लाची मान माझ्या मनगटाएवढी होती. सहा-सात महिन्यांत कुत्र्याची मान दुपटीवर जाते. दोरी तेवढीच राहते. आधी केस झिजतात, मग कातडी, आणि मग मांस दोरीच्या वर चढून तिला गिळून टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक ओली रेघ दिसते. पावसाळ्यात माश्या त्या ओलीवर अंडी घालतात आणि एका दिवसात किडे होतात.

डॉक्टरांनी ती दोरी ट्रेमध्ये टाकली होती. आबांनी ती उचलली. रक्त आणि पू पुसून गाठ दोन बोटांत धरून बघितली. साचेवाल्याची बोटं होती ती, त्यांना काय सांगावं लागणार? त्यांनी दोरीची गुंडाळी करून खिशात घातली. माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर त्यांनी दवाखान्यातून आणलेली औषधं माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ ह्ये तू करायचंस."

मी केलं. सहा आठवडे. पोटॅश परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने जखम धुवायची, मलम भरायचं, माशी बसू नये म्हणून कडेने कडुलिंबाचं तेल लावायचं. माझी बोटं तपकिरी झाली आणि शाळेत बाईंनी दोनदा विचारलं. पहिले आठ दिवस तो जिन्याखालच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायचा. हात मानेकडे गेला की आख्खा थरथरायचा, पण चावला कधीच नाही. आई त्याला तांदळाची पेज द्यायची, कारण गिळताना त्याला त्रास व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने सुक्या बोंबलाची डोकी खाल्ली आणि आईने ती बातमी गॅलरीभर सांगितली. शेपूट हलवायला त्याला गोकुळाष्टमी उजाडली.

जखम भरली, पण तिथे केस पुन्हा उगवले नाहीत. काळ्या मानेभोवती फिकट गोल वळ राहिला. आमच्या मजल्यावरच्या वारकरी आजी म्हणाल्या, "ह्यानं तर तुळशीची माळ घातलीया." तेव्हापासून त्याचं नाव माळकरी. आख्खी चाळ त्याला त्याच नावाने हाक मारायची. वाळत घालायची दोरी वाऱ्याने हलली तरी तो आत पळायचा. ती भीती शेवटपर्यंत गेली नाही.

तेव्हा मुंबईत कुत्र्यांची गाडी फिरायची. बेवारशी कुत्री लोखंडी चिमट्यात धरून नेत आणि विजेचा झटका देऊन मारत. १९९४पर्यंत हे चाललं. नसबंदी करून कुत्रा त्याच्याच गल्लीत परत सोडायचा, ही रीत त्यानंतरची. परवान्याचा बिल्ला गळ्यात असेल तर कुत्रा वाचायचा. घरात पैशांची एवढी ओढाताण असताना आबांनी माळकऱ्याचा परवाना काढला. पण त्याच्या गळ्यात काहीही बांधायला ते तयार झाले नाहीत. पट्टा नाही, फडकंसुद्धा नाही. बिल्ला ते स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. गाडी आली अशी पोरांची हाक आली की अनवाणी तीन जिने उतरायचे आणि बिल्ला हातात उंच धरून माळकऱ्याजवळ उभे राहायचे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

माळकरी १९९२च्या एप्रिलमध्ये गेला, जिन्याखाली, झोपेत. आबांनी त्याला चाळीमागच्या उंबराखाली पुरलं. आता तिथे उंबर नाही आणि चाळही नाही. आबा गेले त्याला सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी रोज त्यांच्या उशाशी बसत होते. वेळ भरपूर होता. ती गाठ माझी होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे, हे मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडून एकदाही ते बाहेर पडलं नाही, आणि आता ऐकणारं कुणी नाही.

गल्लीतल्या पिल्लाच्या गळ्यात कुणी हौसेने दोरी, राखी, घुंगरू किंवा पट्टा बांधला असेल, तर आजच खाली उतरून बघा. दोन बोटं सहज आत जायला हवीत. जात नसतील तर लगेच कापून टाका. जात असतील तर पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, आणि पिल्लाची वाढ पुरी होईपर्यंत बघत राहा.