घंटा गेल्यानंतर

अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविट्याच्या जुन्या हद्दीत संत योहान बाप्तिस्ताचे पडके देवालय उभे आहे. जेसुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले. आज त्याच्या सभोवार सीप्झचे कारखाने असल्यामुळे वाटेल त्यास तेथे जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, भाविक तेथे मिस्सेसाठी जमतात.

ख्रिस्ती मंडळींत ‘पाचारण’ असा एक शब्द आहे. ईश्वराने हाक मारावी व माणसाने ‘आलो’ म्हणावे, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही ख्रिस्ती नव्हे. परंतु आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने धर्मगुरूची दीक्षा घेण्यापूर्वी, ही हाक खरी की आपल्याच मनाचा खेळ, हे ओळखावे कसे, असे आम्हांस विचारले. तेव्हापासून त्या भिंती आम्हांस निराळ्या दिसू लागल्या आहेत.

१७३९ हे साल आपण चिमाजी आप्पांच्या वसईविजयाचे म्हणून पाठ करतो. वसईकडून आलेल्या घंटा भीमाशंकरास व नाशिकास नारोशंकराच्या देवळात आजही अभिमानाने दाखविल्या जातात, आणि तो अभिमान आम्हांसही आहे. परंतु पोर्तुगीज गेल्यावर साष्टीतल्या खेड्यांत पुढच्या रविवारी काय झाले असेल, हे आम्हांस कोणत्याही शिक्षकाने सांगितले नाही. युरोपीय पाद्री निघून गेले. त्यांना परतण्यास गोवा होते. शेते व होड्या असलेली माणसे कोठे जाणार? ती राहिली, आणि त्यांच्यासाठी एतद्देशीय पाद्री राहिले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत बारशी, लग्ने आणि मर्तिके त्यांनीच पार पाडली. पाठीशी राजा नाही, राजाची देणगी नाही. यात हौतात्म्याचा थाट मुळीच नव्हता. असलाच तर रोजच्या कामाचा कंटाळा होता. आमच्या मते हाकेची खरी परीक्षा तीच. पुढे १८४० च्या सुमारास साथ आली व वस्ती मरोळास हलली. तेव्हा मूर्तीही लोकांबरोबर गेल्या आणि भिंती मागे राहिल्या. पाचारण माणसांचे होते, चुन्याविटांचे नव्हे.

आता याच्या नेमके उलट दिसणारे उदाहरण पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ त बाप्तिस्मा घेतला आणि वीसबावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. १९१७ त, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनची पगाराची जागा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणासही तेथे बसता यावे, असा त्यांचा हेतू. दोनच वर्षांत, १९१९ त, ते गेले. साष्टीच्या पाद्र्यांना आश्रयदाता सोडून गेला. टिळकांनी आपण होऊन आश्रयदाता सोडला. रोमन पंथ कोठे, अमेरिकन मिशन कोठे! तरीही पगार थांबल्यावर हाक थांबली नाही, एवढे दोहोंत सारखेच.

टिळकांविषयी एक तक्रार मात्र आम्हांस राहून राहून वाटते. हाक एकास येते आणि घरात मीठमिरची कोठून आणावी, याची चिंता दुसऱ्यास पडते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांस हे सांगावयास नको. त्या विद्यार्थ्यास आम्ही उत्तरादाखल तेच पुस्तक पाठविले आहे. त्याच्या पंथात धर्मगुरू अविवाहित राहतात. तेव्हा लक्ष्मीबाईंची बाजू त्याच्या कानी घालणारे पुढे घरात कोणी असणार नाही.