शिशाचं दार

मला पाचवा महिना लागला आणि सरांनी मला मशीनवरून उठवून फायलीवर बसवलं. नियमात तसं काही नव्हतं. एक्स-रे टेक्निशियन बाईने दिवस गेल्याचं कळवलं की पुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोचता कामा नये, एवढंच नियम म्हणतो. शिशाच्या पडद्याआड उभं राहून काम करता येतं. पण आमचा हाडांचा दवाखाना. वसमत रोडवरचे मोटरसायकलचे अपघात, मोंढ्यात पोती उचलून दुखावलेल्या कमरा, दिवसभर रांग हटत नाही. त्यात सर जरा भित्रे आणि परवान्याची पाच वर्षं संपत आलेली. ‘तुम्ही बसून तेवढं ते मुंबईचं काम उरकून टाका,’ म्हणाले.

मुंबईचं म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं. १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेलं हे मंडळ अणुशक्तीनगरातल्या नियामक भवनातून चालतं. तारापूरच्या अणुभट्ट्यांवर ज्यांची देखरेख, त्यांचीच परभणीतल्या आमच्या जिन्याखालच्या खोलीवर. तारापूर १९६९ पासून वीज बनवतंय आणि आम्ही मोडलेल्या मनगटांचे फोटो काढतोय. पण किरण ते किरण, आणि नियमही तेच, २००४ चे. तसा आमच्या भागाला अणू ठाऊक आहे तो भुईमुगातून. भाभा केंद्र आणि आमच्या कृषी विद्यापीठाचं लातूरचं केंद्र यांनी मिळून काढलेला टीएलजी-४५ हा टपोऱ्या दाण्याचा वाण २००७ मध्ये आला. त्याच्या नावातला टी म्हणजे ट्रॉम्बे, हे पेरणाऱ्याच्या गावीही नसतं.

एक्स-रेच्या खोलीला परवाना लागतो हेसुद्धा बऱ्याच जणांच्या गावी नव्हतं. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात लिहून ठेवलंय की देशातली सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रं मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. प्रत्येक राज्याने किरणोत्सर्ग सुरक्षेचं स्वतःचं संचालनालय काढावं असं ठरून बरीच वर्षं झाली होती. तोवर ते काढलं होतं केरळ आणि मिझोरमने. आता अर्ज ऑनलाइन झालेत, ई-लोरा नावाच्या प्रणालीवर. मशीन मंजूर मॉडेलचं आहे का, टेक्निशियनची पात्रता काय, सुरक्षा अधिकारी कोण, बॅज किती जणांकडे आहेत, सगळं भरावं लागतं. सर्व्हर रुसला की मी पाय वर घेऊन बसायची आणि बॅजांचं रजिस्टर लिहून काढायची.

त्या बॅजांची एक वेगळीच कथा आहे. टीएलडी म्हणतात त्यांना. आत कॅल्शियम सल्फेट मिसळलेल्या तीन चकत्या असतात. तीन महिने किरण झेलायचे आणि मग प्रयोगशाळेत तापवल्यावर झेललेलं सगळं प्रकाशाच्या रूपात परत द्यायचं. तो प्रकाश मोजून आमच्या नावापुढे आकडा लिहिला जातो. दर खेपेला एक बॅज जादा येतो, कंट्रोलचा. तो किरणांपासून दूर कपाटात ठेवायचा, म्हणजे निसर्गातून आणि कुरिअरच्या वाटेत जेवढं आलं तेवढं त्याच्यावरून कळतं आणि बाकीच्यांच्या आकड्यातून वजा होतं. आमच्याकडे नवा मुलगा लागला तेव्हा कुणीतरी तोच त्याच्या खिशाला लावून दिला. ‘शिल्लकच आहे की एक.’ म्हणजे त्या पोराने खाल्लेले किरण आमच्या सगळ्यांच्या खात्यातून वजा! सर स्वतः तर बॅज लावतच नसत. खरं तर ऑपरेशनमध्ये सी-आर्मजवळ, म्हणजे तिथल्या एक्स-रे यंत्राजवळ, सगळ्यात जास्त वेळ तेच उभे. त्यांचा बॅज ड्रॉवरमध्ये कोराच्या कोरा राहायचा आणि अहवालात त्यांचा आकडा दर वेळी शून्य.

घरी सासूबाईंची वेगळी काळजी. ‘ते किरणं अंगाला चिकटून घरी येतात का गं?’ मी सांगितलं, बटण बंद केलं की दिव्याचा उजेड जातो तसे तेही जातात, खोलीत काही उरत नाही. हे आमच्या मशीनपुरतं खरं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, कित्येक वर्षं पडून राहिलेलं कोबाल्टचं यंत्र २०१० मध्ये लिलावात निघालं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. कोबाल्ट-६० ला बटण नसतं. एक माणूस गेला, काही जण आजारी पडले. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

परवान्याआधी मशीनची गुणवत्ता चाचणी लागते. तिच्यासाठी संभाजीनगरहून एक इंजिनीअर आला, पाठीवर पेटी घेऊन. सत्तर केव्ही मागितले तर मशीन खरंच सत्तर देतं का, ते आधी पाहिलं. पाच इकडे-तिकडे चालतात, त्याहून फरक नको. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की आकडा खाली यायचा, तेव्हा स्टॅबिलायझर बदला म्हणाला. दिव्याचा चौकोन आणि किरणांचा चौकोन एकमेकांवर बसतात का तेही पाहिलं. मग रोग्याच्या जागी पाण्याचं भांडं ठेवून मशीन चालवत राहिला आणि मीटर घेऊन मामांना भिंतीभिंतीने फिरवलं. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, वय साठीच्या घरात. मी लांब, काउंटरपाशी बसून ते ओरडून सांगतील ते आकडे लिहीत होते.

नऊ इंची विटांच्या भिंतीपलीकडे मीटर हलेना. कन्सोलपाशीही ठीक. दारापाशी आले आणि मामांचा आवाज बदलला. ‘ताई, हे वर वर चाललंय बघा!’ खाली काही नाही, कमरेएवढ्या उंचीवर काही नाही, डोक्याच्या वरच्या पट्टीत मात्र आकडा. इंजिनीअरने प्लायवुडवर बोटांनी ठोकून पाहिलं. खाली बद्द आवाज, वर पोकळ. शिसं मऊ असतं. दाराच्या आत खिळ्यांवर टांगलेला पत्रा आपल्याच वजनाने वर्षानुवर्षं खाली उतरत गेला होता. खालच्या कडेला त्याची वळी पडली होती आणि वर वीतभर नुसतं लाकूड. बाहेरून सगळं जागच्या जागी. किरणोत्सर्गाची खूण, लाल दिवा, सगळं.

त्या दाराला लागूनच नातेवाइकांचं बाकडं.

हिशेब आठवड्याचा असतो. आमच्यासारख्यांना आठवड्याला ४० मिलिरोंटजेन चालतात, वर्षाचे २० मिलिसिव्हर्ट धरून; बाकड्यावर बसणाऱ्याला फक्त २. आम्हाला बॅज आहे, प्रशिक्षण आहे, पगार आहे. नातवाचा हात दाखवायला सेलूहून आलेल्या आजीला यातलं काहीच नाही, म्हणून तिची मर्यादा वीसपट कडक. मला हा सगळ्या नियमपुस्तकातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. आमच्या कामाच्या हिशेबाने बाकड्यावरचा आकडा दोनच्या आतच निघाला, पण सीमेला टेकलेला. इंजिनीअर म्हणाला, ‘कागदावर पास आहे. पण दार करून घ्या.’

सर कागद पास आहे एवढं ऐकून खूश होते. मी म्हटलं, माझ्या पोटातल्याला आणि बाहेरच्या पोटुशीला नियम एकच आहे, सर. त्यावर ते काही बोलले नाहीत; दुसऱ्या दिवशी सुतार आला.

१.७ मिलिमीटर जाडीचं शिसं, चार फूट बाय सात फूट दार. नुसता पत्राच पन्नास किलोच्या आसपास. ‘ताई, बिजागऱ्या टिकत नसतात याला,’ सुतार म्हणाला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात तसल्या घेऊन आला. या वेळी पत्रा खिळ्यांवर टांगला नाही; दोन्हीकडून प्लायमध्ये दाबून, मधूनमधून आडव्या पट्ट्या मारून, खिळ्यांच्या डोक्यांवर पुन्हा शिशाच्या टिकल्या चिकटवल्या. दार लोटायला मामांना खांदा लावावा लागे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’ ते दर वेळी म्हणत. बाकडंही उचलून जिन्यापलीकडे नेलं. नव्या दारावर मीटर वरपासून खालपर्यंत गप्प राहिलं, अर्ज गेला, परवाना आला. तोवर मला मुलगी झाली होती.

मी कामावर परतले ती ऐन मेमध्ये, पारा पंचेचाळीसला टेकलेला. एका दुपारी मुंबईहून दोन अधिकारी न कळवता आले. एक मॅडम, एक तरुण गृहस्थ. सर लगबगीने फाइल घेऊन पुढे झाले. मॅडमनी ती हातात घेतली आणि न उघडताच तिथे उभ्या राहिल्या. शिशाचे अ‍ॅप्रन कुठे ठेवता, विचारलं. हँगरवर होते; घडी घातली की आत चिरा पडतात. त्यातला एक सी-आर्मखाली धरून पाहिला. मोबाइल मशीनच्या बटणाची वायर ओढून मोजली, दोन मीटर भरली. सरांच्या छातीकडे पाहिलं. बॅज होता, त्या दिवशी. मग मामांना विचारलं, ‘लाल दिवा लागला की तुम्ही काय करता?’

‘दारापुढनं लोकं उठवतो.’

‘दारापुढे लोक कशाला? बाकडं तर तिकडे आहे.’

मामांनी वर बोट दाखवलं. बाकडं जिन्यापलीकडे गेलं होतं, पण पंखा होता तिथेच, दारासमोर. आणि त्याच्याखाली फरशीवर, नेमकी जुनी जागा धरून, दोन कुटुंबं डबे उघडून बसली होती. लेकरू दाराला टेकून झोपलेलं. मॅडमनी मीटर काढून त्या लेकरापाशी धरलं आणि आत मशीन चालवायला सांगितलं. काहीच आलं नाही. तरी त्यांनी शेऱ्यात लिहिलं की प्रतीक्षेची जागा पंख्यासह हलवावी आणि त्याचा फोटो पाठवावा.

सर संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. पन्नास किलो शिसं लावलं, आता पंख्याचंही यांना बघायचंय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जिन्यापलीकडे पॉइंटच नाही, पट्टी टाकून वायर न्यावी लागेल, पाइप वेगळा, मजुरी वेगळी. मामांनी शिडी धरली.