जें मूल सांगूं शकत नाहीं, त्याचे दांत

आमच्या वर्गांत एक मुलगा आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळें त्याचे हात जन्मापासून ताठ राहतात आणि त्याचें बोलणें एका आजीलाच काय तें नीट समजतें. गतवर्षीं पावसाळ्यांत त्यानें एकाएकी जेवण सोडलें व तो उजव्या गालावर मूठ मारून घेऊं लागला. मुलगा हट्टी झाला, असें घरांत ठरलें. पंधरा दिवसांनीं आजीनें बॅटरीच्या उजेडांत तोंड पाहिलें, तों मागची दाढ पार पोखरलेली! तेवढे दिवस तो ठणका त्यानें एकट्यानें सोसला होता.

असें कां होतें, हें पालकांनीं समजून घेण्याजोगें आहे. ज्याची जीभ व गिळण्याचे स्नायू अशक्त, त्याच्या गालांत घास बराच वेळ तसाच राहतो. अपस्माराचें औषध पुष्कळदां गोड पाकांत असतें व रात्रीं निजतांना दिलें जातें. शिवाय फेनिटॉइन नांवाच्या औषधानें कित्येकांच्या हिरड्या वाढून दांतांवर येतात. (म्हणून औषध आपल्या मनानें थांबवूं मात्र नये.) डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांस हिरड्यांचा विकार विशेष छळतो. आणि एक कारण आपल्या दयेंतच आहे. अपंग मूल दिसलें कीं प्रत्येक पाहुणा त्याच्या हातावर कांहींतरी गोड ठेवतो. साताऱ्याचे कंदी पेढे मलाही आवडतात. परंतु ही दया त्या मुलाला महाग पडते.

सांगलीच्या एका दंतवैद्यांनीं त्याच्या आईला जी रीत दाखविली, ती मीं जवळ बसून पाहिली. मुलाच्या पाठीमागें बसावें, त्याचें डोकें आपल्या छातीशीं टेकवावें, एका हातानें ओठ अलगद दूर करून दुसऱ्या हातानें ब्रश फिरवावा. जें मूल तोंडाला हात लावूं देत नाहीं, त्याच्या गालाला व ओठांना कांहीं दिवस नुसता स्पर्श करावा. मूल स्वतः घासूं पाहत असेल, तर ब्रशाच्या दांड्यास सायकलीच्या मुठीचें रबर चढवावें, म्हणजे पकड बसते. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदुळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. राखुंडी व मशेरी यांचें तर नांवही नको.

खरी अडचण पुढेंच आहे. साताऱ्याहून सांगली शंभराहून अधिक किलोमीटर. तेथें भारती विद्यापीठाचें दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या मिरजेची वैद्यकीय कीर्ति तर १८९४ पासूनची, डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयापासूनची. तरीही एका सरकारी दवाखान्यांत ही माउली मुलाला कडेवर घेऊन तीन तास रांगेंत उभी होती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत, २५ व्या कलमांत, अशांस तपासणींत व उपचारांत अग्रक्रम सांगितला आहे. तें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. मीं त्या कलमाची प्रत काढून तिच्या पिशवींत घातली. दुसऱ्या खेपेस तिला खिडकीवरूनच आंत बोलावलें.

ती प्रत मागेल त्या पालकास मजकडून मिळेल. जातांना मुलाच्या औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि हृदयास जन्मतः कांहीं दोष असल्यास तो दाढ काढण्यापूर्वीं दंतवैद्यांस अवश्य सांगावा.